कुणाचा पक्का, कुणाचा कच्चा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीवाल्याला आयातशुल्काबद्दल विचारलं तर एका दमात दोन मागण्या ऐकायला मिळतात. चीनहून तयार कास्टिंग येतं त्यावर ड्युटी चांगली दणकून लावा, ही पहिली. चीनहून कोक येतो त्यावरची ड्युटी काढून टाका, ही दुसरी. ऐकणाऱ्याला वाटतं, गडी सोयीचं तेवढं बोलतोय. पण दोन्ही मागण्या एकाच हिशेबातून निघतात, आणि तो हिशेब नीट मांडला की आयातशुल्क नावाच्या प्रकरणातलं निम्मं गूढ संपतं.

वर्तमानपत्रात बातमी येते ती साधारण अशी: शेजारी देशातून येणाऱ्या स्वस्त धातूमालावर सरकारने शुल्क लावलं, देशी उद्योगाला दिलासा. यातला ‘देशी उद्योग’ एकच असतो असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात खाणीपासून ट्रॅक्टरपर्यंत उद्योगांची साखळी असते. तीत प्रत्येकाचा पक्का माल हा पुढच्याचा कच्चा माल असतो. कोक विकणाऱ्याचा पक्का माल म्हणजे पिग आयर्न बनवणाऱ्याचा कच्चा माल. पिग आयर्न हा फाउंड्रीचा कच्चा माल, कास्टिंग हा इंजिनवाल्याचा. या साखळीच्या बरोबर मध्यावर कोल्हापूर उभं आहे. म्हणून दिल्लीत कुठल्याही कडीवर शुल्क लागलं की त्याची झळ किंवा ऊब इथे पोहोचतेच.

इथे लोखंडाची खाण नाही, कोळसा नाही, बंदरही जवळ नाही. तरी जिल्ह्यात सुमारे 300 फाउंड्रीज आहेत. हे घडलं ते माणसांच्या हुन्नरामुळे. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंडाची आवक आटली, तेव्हा किर्लोस्करवाडीच्या नांगरांसाठी शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, ही हकिकत कोल्हापुरात आजही सांगितली जाते. बाहेरचा कच्चा माल थांबला की काय होतं, याचा तो पहिला धडा म्हणायला हरकत नाही. पुढे उसाच्या शेताला पाणी द्यायला आणि गुऱ्हाळ चालवायला ऑइल इंजिन हवं झालं. ते दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्रींनी ते बनवायलाच घेतलं. शिवाजी उद्यमनगर त्यातून उभं राहिलं, मग शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. आज इथून इंजिनाचे ब्लॉक, सिलिंडर हेड, ब्रेक ड्रम, फ्लायव्हील, पंपाची आणि गिअरबॉक्सची घरं देशभर आणि देशाबाहेर जातात. पिग आयर्न येतं गोव्याच्या आमोण्याहून, कर्नाटकातल्या कोप्पळहून. स्क्रॅप पुण्या-मुंबईकडून, नाहीतर बंदरातून. कोक बहुतेक करून बाहेरच्या कोळशाचा, नाहीतर थेट बाहेरचाच.

आता शुल्क लागतं कसं ते पाहू. समजा बंदरावर उतरलेल्या मालाची किंमत 100 रुपये धरली आणि त्यावर मूळ सीमाशुल्क 7.5 टक्के आहे. त्या साडेसात रुपयांवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 75 पैसे (काही वस्तूंना तो माफ असतो). झाले 108 रुपये 25 पैसे. त्यावर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे जवळपास साडेएकोणीस रुपये. माल गोदामात पोहोचेपर्यंत 100 चे पावणेएकशेअठ्ठावीस होतात. यातला आयजीएसटी पुढच्या विक्रीत वजा मिळतो, त्यामुळे तो खरा खर्च नव्हे. पण तोवर पैसा अडकतो, आणि छोट्या उद्योजकाला अडकलेला पैसा खर्चाइतकाच टोचतो. खरी भिंत आहे ती सव्वाआठ रुपयांची.

या भिंतीवर कधीकधी वरचा मजला चढवला जातो. त्याचे तीन प्रकार, आणि तिन्हींची कारणं वेगळी. बाहेरचा विक्रेता स्वतःच्या देशात विकतो त्याहून कमी भावाने आपल्याकडे माल ओतत असेल तर अँटी-डम्पिंग शुल्क. त्याच्या सरकारने दिलेल्या अनुदानामुळे माल स्वस्त असेल तर प्रतिसंतुलन शुल्क. आणि कुणी काही गैर केलेलं नाही, पण आयात एकाएकी इतकी फुगली की देशी कारखाने गुदमरू लागले, तर सेफगार्ड शुल्क. पहिली दोन देशाचं नाव घेऊन लागतात. तिसरं सहसा सगळ्यांना सारखंच, काही विकसनशील देशांना सवलत देऊन. पोलादाच्या सपाट मालावर, म्हणजे कॉइल आणि पत्र्यांवर, एप्रिल 2025 मध्ये 200 दिवसांसाठी 12 टक्के लागलं ते हे तिसरं. डिसेंबर 2025 च्या अखेरीस ते तीन वर्षांसाठी पक्कं झालं: पहिल्या वर्षी 12, दुसऱ्या वर्षी 11.5, तिसऱ्या वर्षी 11 टक्के. सरकारच्या मनात चीन होता हे उघड गुपित.

पत्र्याचं शुल्क फाउंड्रीला का लागावं? कारण मोटारींचे दरवाजे आणि बॉनेट कापून उरलेली पत्र्याची कातरण, गठ्ठे बांधून, फाउंड्रीच्या भट्टीत जाते. चांगल्या प्रतीच्या एसजी आयर्नला, म्हणजे चिवट जातीच्या ओतीव लोखंडाला, हे स्वच्छ स्क्रॅप हवंच. पत्र्याचा भाव वर गेला की कातरणीचा भाव त्याच्या मागोमाग जातो.

पण कोल्हापूरला हे गणित सगळ्यात जास्त समजावून सांगतो तो कोक. नोव्हेंबर 2016 मध्ये केंद्राने कमी राखेच्या मेटलर्जिकल कोकवर पाच वर्षांसाठी अँटी-डम्पिंग शुल्क लावलं: चीनच्या कोकवर टनामागे 25.20 डॉलर, ऑस्ट्रेलियाच्या कोकवर 16.29. अर्ज होता कोक विकण्यासाठीच बनवणाऱ्या देशी उत्पादकांचा. त्यांची तक्रार खोटी नव्हती. चिनी पोलाद कारखान्यांची मागणी मंदावली होती आणि तिथला जादा कोक स्वस्तात इकडे येत होता.

कुपोला भट्टी जवळून पाहिली म्हणजे हा आकडा कळतो. उभी, आतून विटांचं अस्तर दिलेली नळकांडी. तिच्यात वरून एक थर कोकचा, एक थर लोखंडाचा, थोडी चुनखडी, पुन्हा कोक, पुन्हा लोखंड. खालून ब्लोअरची हवा. खालचं टॅपहोल फोडलं की पांढरट नारिंगी धार लॅडलमध्ये पडते आणि मोल्डच्या रांगेकडे पळापळ सुरू होते. कोक इथे जळण असतो आणि वरच्या सगळ्या ओझ्याचा टेकूही. त्यात राख जास्त असली तर मळी वाढते, उष्णता कमी पडते, धार लवकर थंडावते. मग पातळ भिंतीच्या कास्टिंगमध्ये दोन बाजूंनी आलेला रस एकमेकांत मिसळायच्या आधीच गोठतो. त्याला कोल्ड शट म्हणतात. असा नग तपासणीत बाद होतो आणि परत भट्टीत जातो. म्हणून देशी कोळसा स्वस्त असूनही फाउंड्रीवाला कमी राखेचाच कोक मागतो. त्यात त्याची हौस नसते.

आता पैसे मोजू. त्या वेळी डॉलर 67 रुपयांच्या आसपास होता. 25.20 डॉलर म्हणजे टनाला अंदाजे 1,690 रुपये. कुपोलात एक किलो कोक साधारण आठ किलो लोखंड वितळवतो असं धरलं, तर टनभर लोखंडामागे बोजा 210 रुपये, किलोमागे 21 पैसे. कास्टिंगचा भाव किलोवर ठरतो आणि घासाघीस पैशांत चालते, तरीही 21 पैसे म्हणजे जीवघेणे नव्हेत. इथेच बरेच लोक हिशेब थांबवतात आणि म्हणतात, एवढा आरडाओरडा कशाला?

हिशेब इथे संपत नाही. फाउंड्री पिग आयर्न घेते, आणि ते ज्या छोट्या ब्लास्ट फर्नेसमध्ये तयार होतं तिथे टनामागे साधारण 600 किलो कोक खर्ची पडतो. तोच बोजा तिथे टनाला हजार रुपयांवर जातो, म्हणजे किलोला एक रुपया. भट्टीत पडणाऱ्या लोखंडात (चार्जमध्ये) पिग आयर्न एक चतुर्थांश धरलं तर त्यातले 25 पैसे फाउंड्रीकडे येतात. थेट जळणातून आलेल्या बोज्यापेक्षा दुसऱ्याच्या भट्टीतून आलेला बोजा थोडा जास्तच! ज्याने कुपोला मोडून विजेवरची इंडक्शन फर्नेस बसवली आणि ‘आम्हाला कोकशी काय देणंघेणं’ म्हणतो, त्यालाही हे 25 पैसे चुकत नाहीत. सीमेवर एकदाच लागलेलं शुल्क साखळीत असं दोन-तीन दारांनी आत येतं. पिगवाला ते सगळं पुढे ढकलू शकतो की थोडं स्वतः गिळतो हे बाजारावर अवलंबून. पण ढकलण्याची संधी कुणी सोडत नाही.

फाउंड्रीवाला मात्र पुढे ढकलू शकत नाही, निदान लगेच नाही. त्याचे ग्राहक मोठे वाहन आणि इंजिन उत्पादक. कच्च्या मालाच्या भावानुसार कास्टिंगचा दर बदलायची सोय करारात असते, पण ती बहुधा तिमाहीने, तीही मागच्या भावावर. चढत्या बाजारात तीन महिने तो स्वतःच्या खिशातून ग्राहकाला माल देत असतो.

2025 मध्ये कोकवर आणखी वेगळं हत्यार आलं. जानेवारी ते जून या सहा महिन्यांसाठी कमी राखेच्या कोकच्या आयातीवरच मर्यादा, सुमारे 14 लाख टन, देशवार वाटून. नंतर तीच वर्षअखेरपर्यंत वाढवली. शुल्क आणि कोटा यांत फरक मोठा आहे. शुल्क भरून हवा तेवढा माल आणता येतो आणि पैसा सरकारी तिजोरीत जातो. कोट्यात ठरलेला आकडा संपला की पैसे असूनही माल नाही, आणि वाढलेल्या भावाचा फायदा ज्याच्या हाती परवाना त्याला. माझं मत विचाराल तर दोन्ही वाईटांत कोटा जास्त वाईट, कारण त्यात छोट्या माणसाचा नंबर शेवटी लागतो.

अर्थशास्त्रात या सगळ्याला ‘परिणामी संरक्षण’ म्हणतात. मॅक्स कॉर्डन या अर्थशास्त्रज्ञाने 1966 मध्ये ती कल्पना नीट मांडली. उदाहरण आपलंच घेऊ. जगाच्या बाजारात एक कास्टिंग 100 रुपयांना जातं, त्यात कच्चा माल 60 चा. उरलेले 40 म्हणजे मजुरी, वीज, कर्जाचं व्याज आणि नफा. दोन्हींवर 7.5 टक्के शुल्क आहे असं समजू. देशात कास्टिंग 107.50 ला विकता येतं, कच्चा माल 64.50 ला पडतो, हातात राहतात 43. ठीक आहे. आता कच्च्या मालावर आणखी 12 टक्के चढले. तो 71.70 ला पडतो. कास्टिंगचा भाव तोच, कारण त्यावर काही चढलेलं नाही. हातात राहिले 35.80. म्हणजे कुठलंच शुल्क नसतं तर मिळाले असते त्याहूनही चार रुपये वीस पैसे कमी. कागदावर या कारखानदाराला साडेसात टक्क्यांचं संरक्षण आहे. प्रत्यक्षात देशाच्या शुल्करचनेनेच त्याच्यावर दंड बसवला आहे.

संरक्षणाच्या विचाराचाही कोल्हापूरशी धागा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांचं बालपण आणि सुरुवातीचं शिक्षण कोल्हापुरात झालं. 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिलं, त्यात मुक्त व्यापाराचं इंग्रजी तत्त्वज्ञान जसंच्या तसं इथे लागू होत नाही असं बजावलं. जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रिडरिख लिस्टच्या विचारांची छाप त्यावर होती: कोवळा उद्योग पायावर उभा राहीपर्यंत त्याला आधार द्यावा. 1898 साली निघालेल्या त्यांच्या अर्थशास्त्रीय निबंधांच्या संग्रहात लोखंड उद्योगावर स्वतंत्र निबंधही आहे. आज शुल्काची बाजू घेणारे रानड्यांचा वारसा सांगतात तेव्हा एक गोष्ट सोयीस्करपणे गाळतात. लिस्टचा आधार बाल्यावस्थेतल्या उद्योगासाठी होता. आजच्या भारतातलं पोलाद काही पाळण्यात नाही.

कास्टिंगला कधी संरक्षण मिळालंच नाही असंही नाही. भारताने लावलेलं पहिलं प्रतिसंतुलन शुल्क कास्टिंगवरच होतं. जानेवारी 2016 मध्ये पवनचक्क्यांसाठी चीनहून येणाऱ्या कास्टिंगवर, म्हणजे पात्यांचा मधला हब आणि तत्सम टनावारी वजनाच्या भागांवर, 13.44 टक्के शुल्क बसलं; पुढच्या वर्षी अँटी-डम्पिंगही आलं. पण ही कास्टिंग्ज बनवणाऱ्या फाउंड्रीज देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एवढा मोठा नग ओतायची सोय असणारे थोडे, म्हणून एकत्र यायला सोपे. सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर ज्या पवनचक्क्या दिसतात, तशा बनवणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र हब हा कच्चा माल. त्यांचा चेहरा तेव्हा तसाच झाला असणार जसा कोकच्या बातमीने शिरोलीत होतो.

कोल्हापूरच्या 300 फाउंड्रीजना असा अर्ज का करता येत नाही? नियमांतच उत्तर आहे. अँटी-डम्पिंगच्या तपासासाठी व्यापार उपाय महासंचालनालयाकडे अर्ज करायचा तर पाठिंबा देणाऱ्यांचा त्या वस्तूच्या देशी उत्पादनात किमान 25 टक्के वाटा लागतो. आधी ‘ती वस्तू’ कोणती हे ठरवावं लागतं. हॉट रोल्ड कॉइल म्हटलं की विषय संपतो. कास्टिंग म्हणजे काय? एकेका फाउंड्रीकडे शेकडो पॅटर्न, प्रत्येकाचं ड्रॉइंग वेगळं, वजन वेगळं, ग्राहक वेगळा. कोल्हापूरचा ब्रेक ड्रम आणि राजकोटचं पंपाचं घर यांना एका कलमात बसवायचं, मग देशभरातल्या हजारो कारखान्यांकडून गेल्या काही वर्षांचे खर्चाचे, नफ्याचे, शिलकी मालाचे आकडे गोळा करायचे, त्यावर वकील आणि सीए नेमायचे. आणि शेजारची फाउंड्री ही प्रतिस्पर्धी. तिला स्वतःच्या खर्चाचा ताळेबंद कोण दाखवेल? मन्कुर ऑल्सन या अमेरिकन अभ्यासकाने 1965 मध्येच लिहून ठेवलं होतं की थोड्या बड्यांची संघटना जमते, पुष्कळ छोट्यांची जमत नाही, मग छोट्यांचा एकूण तोटा कितीही मोठा असो. संरक्षण साखळीच्या वरच्या टोकाकडे झुकतं त्यात कुणाचा कट असलाच पाहिजे असं नाही. अर्जाचा नमुनाच बड्यांच्या मापाचा आहे.

एकदा मात्र वारं उलटं फिरलं. रशिया-युक्रेन युद्धानंतर पिग आयर्नचे जागतिक भाव भडकले, कारण ते दोन्ही देश मोठे विक्रेते. 22 मे 2022 पासून केंद्राने पिग आयर्न आणि पोलादाच्या बऱ्याच प्रकारांवर 15 टक्के निर्यातशुल्क लावलं आणि कोकवरचं 5 टक्के आयातशुल्क शून्यावर आणलं. बाहेर विकणं महाग केलं की माल घरात राहतो आणि भाव उतरतो. फाउंड्रीवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पोलाद कंपन्यांनी निर्यातीचे करार दाखवून कपाळाला हात लावला. 19 नोव्हेंबर 2022 ला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. सहा महिन्यांचा खेळ.

याच जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात, या गणिताचं दुसरं टोक पाहायला मिळतं. हुपरी चांदीची. पैंजण, जोडवी, करदोडे यांवर हे गाव आणि भोवतालची गावं जगतात. एक पैंजण एका घरात पूर्ण होत नाही. तार ओढणारा वेगळा, कड्या वळून जोडणाऱ्या बायका वेगळ्या घरी, झाळण्याचं काम तिसरीकडे, घुंगरू लावणं आणि पॉलिश आणखी कुठे. चांदीचा भाव जग ठरवतं. हुपरीचं पोट चालतं ते मजुरीवर आणि घट किती कमी राखली त्यावर.

जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात चांदीवरचं आयातशुल्क 15 टक्क्यांवरून 6 वर आलं. तेवढं तरी चांदीच्या विटेवर होतंच. पण आसियान देशांशी झालेल्या आणि 1 जानेवारी 2010 पासून लागू असलेल्या करारामुळे थायलंडहून येणारे चांदीचे दागिने शून्य शुल्काने येऊ शकत होते. कच्च्यावर 6, पक्क्यावर 0: गणित पूर्ण उलटं. व्यापाऱ्याला दागिना हवा असो वा नसो, चांदी दागिन्याच्या रूपात आणणंच किफायतशीर ठरलं. कराराच्या अटीप्रमाणे मालावर तिथे पुरेसं काम झालेलं असावं लागतं. नुसतं वितळवून साच्यातून काढलेल्या वस्तूला दागिना म्हणायचं का, हा प्रश्न सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर येतो आणि त्याच्या हातात असतं परदेशी खात्याचं प्रमाणपत्र. 2020 पासून मूळ देशाचा पुरावा ठेवायची जबाबदारी आयातदारावरही टाकलेली आहे, तरी पळवाट बुजली नाही.

त्याच्या आधी हीच युक्ती दागिन्यांच्या सुट्या भागांतून चालत असे. हूक, क्लिपा, पिना यांवर शुल्क कमी होतं म्हणून ते आणायचे. जानेवारी 2024 मध्ये त्यांचं शुल्क विटेच्या बरोबरीला आणलं, आणि वाट तिथून हलली. अखेर सप्टेंबर 2025 मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने चांदीच्या साध्या दागिन्यांची आयात 31 मार्च 2026 पर्यंत ‘निर्बंधित’ यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय माल आणता येणार नव्हता. शुल्क शून्यच राहिलं, कारण करार मोडता येत नाही. फक्त दारावर परवान्याचा पहारेकरी उभा केला. नोव्हेंबरमध्ये प्लॅटिनमच्या काही दागिन्यांवरही तसेच निर्बंध घालावे लागले.